गोल जिलबी, हवेतला राजवाडा आणि न जुळणारा त्रिकोण: माइनक्राफ्टमधली अशक्य बांधकामं फोटोशॉपशिवाय जमतात का?

चौकोनी_पोहे (इंदूर)

मंडळी, इंदूरच्या मराठी ग्रुपसाठी माइनक्राफ्टच्या (चौकोनी ब्लॉकांनी जग बांधायचा गेम) ‘हे शक्यच नाही’ छापाच्या मीम्सची मालिका करायची आहे. एडिट केलेले फोटो नकोत. गेममध्येच उभं करून एफ२ दाबून काढलेले हवेत, म्हणजे ‘फोटोशॉप आहे’ म्हणणाऱ्याला थेट वर्ल्डमध्ये बोलावता येईल. जावा (कॉम्प्युटरवरची) आवृत्ती, १.२१.५, क्रिएटिव्ह (ब्लॉक हवे तेवढे मिळणारा मोड), चीट्स (कमांड वापरायची मुभा) चालू.

चार चित्रं ठरली आहेत:

१) इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन दगडी मजले गायब, वरचे चार लाकडी हवेत.
२) त्याच्यासमोर वाळूचा ढीग, तोही हवेत.
३) प्लेटमध्ये खरोखर गोल जिलबी. पायऱ्यापायऱ्यांची नाही, गोल.
४) तो अशक्य त्रिकोण, ज्याचे तिन्ही दांडे एकमेकांना काटकोनात भिडलेले दिसतात.

अडलंय कुठे: सेटब्लॉकने (एक ब्लॉक ठेवायची कमांड) ठेवलेली वाळू लगेच खाली येते. ब्लॉक डिस्प्ले (ब्लॉकचं नुसतं चित्र, हवं तसं फिरवता आणि लहान करता येणारं) ४५ अंशात फिरवला की जागचा सरकून शेजारच्या घरात जातो. त्रिकोण जवळजवळ जमतो, पण शेवटच्या कोपऱ्यावर एक बाजू अशी काही दिसते की सगळी पोल उघडी पडते. कमांडचे शब्द देवनागरीत लिहिलेत तरी चालेल, टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग मी घालेन.

सराफा_क्रीपर

पहिली दोन चित्रं सोपी आहेत, तीच सांगतो.

राजवाडा हवेत ठेवायला काहीच युक्ती लागत नाही. या गेममध्ये गुरुत्वाकर्षण मोजक्या ब्लॉकनाच आहे: वाळू, खडी, काँक्रीट पावडर, ऐरण, असे थोडे. लाकूड, दगड, वीट यांना खाली आधार आहे की नाही याची पर्वा नसते. म्हणून आधी सातही मजले नीट बांधा आणि मग खालचे फिल कमांडने (ठरवलेला सगळा भाग एकाच ब्लॉकने भरणारी) हवा करा. एक मजला ५ ब्लॉक धरला तर तीन मजले १५ ब्लॉक उंच. पाया ४० × ३० असेल तर १८,००० ब्लॉक होतात. एका फिलची मर्यादा ३२,७६८ आहे, एका दमात निघतील.

फसतं ते टेकूवरच्या वस्तूंमुळे. मशाल, गालिचा, दार, शिडी, पाटी, बटण, रूळ हे ज्या ब्लॉकला टेकलेले असतात तो गेला की वस्तू होऊन खाली पडतात. चौथ्या मजल्याची जमीन तिसऱ्याच्या छताच्या थरातच धरली असेल तर गालिचे आणि दारं सगळी गळतील. त्यामुळे चौथ्याची जमीन वेगळा थर ठेवा आणि फिलचा वरचा आकडा त्याच्या एक खाली घ्या. १.२१.५ मध्ये फिल आणि सेटब्लॉकला ‘स्ट्रिक्ट’ जोडता येतं. त्याने शेजाऱ्यांना बदलाची वर्दी जातच नाही, आणि लटकलेली मशाल तशीच लटकलेली राहते. हवेत जळणारी, कशालाच न टेकलेली मशाल हे खरं तर राजवाड्याहून चांगलं मीम आहे!

तळाशी अंधार येतो, त्याचंही बघा. आकाशाचा उजेड सरळ खाली उतरतो, इमारतीखाली काळा डाग पडतो आणि फोटोत कापून चिकटवल्यासारखं दिसतं. लाइट ब्लॉक मागवा, पातळी १५, आणि तळाखाली ३–४ ब्लॉक सोडून एकेक पेरा. तो हातात धरल्याशिवाय दिसत नाही. फोटो काढताना तो हातात नको, तेवढं लक्षात असू द्या.

वाळूला तीन वाटा आहेत.

सगळ्यांत जुनी: खाली दोरा अंथरायचा. खालचा ब्लॉक हवा, आग, पाणी किंवा गवतासारखा सहज बदलला जाणारा असेल तरच वाळू पडते. दोरा यातलं काहीच नाही, म्हणून वाळू त्याच्यावर बसते. फक्त सगळ्यांत खालच्या थराखालीच दोरा लागतो, वरची वाळू वाळूवर टेकते. जवळून बारीक रेघ दिसते, दहा-बारा ब्लॉकांवरून नाही.

दुसरी: टिक फ्रीझ कमांड (टिक म्हणजे गेमच्या वेळेचा एक ठोका). १.२०.३ पासून आहे. वेळ थांबते, तुम्ही मात्र हिंडू शकता. थांबलेल्या वेळेत ठेवलेली वाळू जागच्या जागी राहते, पाणीही पसरत नाही. टिक अनफ्रीझ म्हटलं की सगळं एकदम कोसळतं, म्हणून फोटो आधी.

तिसरी: सेटब्लॉकला स्ट्रिक्ट. साधा सेटब्लॉक वाळू ठेवतानाच ‘दोन टिकांनी खाली बघ’ असं तिच्या नावावर लावून ठेवतो. स्ट्रिक्टमध्ये ते होत नाही. पण शेजारी एक जरी ब्लॉक हाताने ठेवलात किंवा फोडलात की तिला जाग येते, आणि ढीग असेल तर एकामागून एक सगळा उतरतो. वर्ल्डमध्ये लोकांना बोलावणार असाल तर दोराच बरा.

पिक्सेल_पाटणीपुरा

जिलबी माझ्याकडे द्या.

आधी ब्लॉक का सरकतो ते. ब्लॉक डिस्प्लेचा मूळ बिंदू ब्लॉकच्या मध्यावर नसतो, खालच्या वायव्य कोपऱ्यावर असतो. फिरवलात की तो कोपऱ्याभोवती झाडूसारखा फिरतो. ट्रान्सफॉर्मेशनमधल्या लेफ्ट रोटेशनने फिरवत असाल (४५ अंशांसाठी चार आकडे ०, ०.३८२७, ०, ०.९२३९) तर सरकवणं फिरवण्याच्या नंतर लागू होतं. म्हणून ट्रान्सलेशन (सरकवण्याचे आकडे) −०.५ घालून उपयोग नाही, −०.७०७१, ०, ० घालावं लागतं. कोन बदलला की हा आकडाही पुन्हा काढा. नको ती कटकट.

त्यापेक्षा लेफ्ट रोटेशनला हातच लावू नका. एंटिटीचा (म्हणजे त्या डिस्प्लेचा) स्वतःचा ‘रोटेशन’ टॅग वापरा, त्यात पहिला आकडा आडव्या फिरण्याचा. हा टॅग सगळ्यात बाहेरून लागू होतो: आधी ब्लॉक सरकतो, मग सरकलेल्या ब्लॉकसकट सगळं फिरतं. ट्रान्सलेशन −०.५, ०, −०.५ ठेवलं की कुठल्याही कोनात ब्लॉक मध्यावरच फिरेल. आकड्यांमागे एफ अक्षर लावा. नाही लावलं तर बऱ्याच आवृत्त्यांत तो टॅग गुपचूप दुर्लक्षित होतो आणि ब्लॉक सरळच उभा राहतो, कुठे चुकलं ते कळतही नाही.

याच गुणावर जिलबी उभी राहते. सगळे तुकडे एकाच जागी समन करायचे (कमांडने आणायचे). फक्त प्रत्येकाचा कोन वेगळा, आणि ट्रान्सलेशनच्या झेडमध्ये त्रिज्या.

एका फेऱ्याला २४ तुकडे, म्हणजे दर तुकड्याला १५ अंश. अडीच फेरे म्हणजे ६० तुकडे. जाडी ०.३, उंची ०.३. पहिल्या तुकड्याची त्रिज्या ०.६, पुढे दर तुकड्याला ०.०१६७ वाढवत न्यायची. पूर्ण फेऱ्यात ०.४ वाढ होते, कड्याची जाडी ०.३, म्हणजे दोन वेढ्यांमध्ये ०.१ ची फट राहते. ही फट हवीच. नसली तर जिलबीची चकती होते.

रुंदी किती? बाहेरच्या कडेला फट पडू नये एवढी. सगळ्यांत बाहेरची त्रिज्या १.६ अधिक अर्धी जाडी ०.१५, म्हणजे १.७५. त्याच्या दुपटीला साडेसात अंशांच्या टॅनने गुणलं की ०.४६ येतं. रुंदी ०.४८ घ्या. तर स्केल (आकार) ०.४८, ०.३, ०.३, ट्रान्सलेशन −०.२४, ०, आणि त्रिज्या वजा ०.१५.

आतल्या वेढ्यात हे तुकडे एकमेकांवर चढतात आणि वरच्या पृष्ठभागावर लुकलुक सुरू होते. दोन पृष्ठभाग अगदी एकाच उंचीवर असले की कोणता पुढे काढायचा हे ग्राफिक्सला ठरवता येत नाही. विषम क्रमांकाच्या तुकड्यांना वायमध्ये ०.००५ जास्त द्या, लुकलुक थांबते. एवढी उंची डोळ्याला दिसत नाही.

ब्लॉक: नारिंगी काँक्रीट. मधाचा ब्लॉक पाकासारखा दिसेल असं वाटतं, पण तो अर्धपारदर्शक आहे. जिथे तुकडे एकमेकांत शिरलेत तिथल्या आतल्या कडा दिसतात आणि जिलबीऐवजी काचेची बांगडी वाटते. खाली प्लेट म्हणून पांढऱ्या काँक्रीटचे पसरट डिस्प्ले, तोच हिशोब.

साठ कमांड हाताने टाकू नका. डेटापॅकची (वर्ल्डला जोडायच्या फाइलींचा गठ्ठा) फंक्शन फाइल करा, एका ओळीत एक समन. गणित स्प्रेडशीटमध्ये करून ओळी तिथेच जोडून घ्या. १.२१ पासून डेटापॅकमधल्या त्या फोल्डरचं नाव ‘फंक्शन्स’ नसून ‘फंक्शन’ झालंय. जुन्या ट्यूटोरियलवरून केलंत तर गेम म्हणणार असं काही फंक्शनच नाही.

आणि प्रत्येकाला ‘जिलबी’ असा टॅग लावा. डिस्प्लेला हाताने मारता येत नाही, तो फक्त किल कमांडने जातो. टॅग नसेल तर एक जिलबी पुसताना आसपासचे सगळे डिस्प्ले जातील. त्यांना टक्करही नसते, वर उभं राहायला गेलात तर आरपार जाल. उभं राहायचंच असेल तर जागी बॅरिअर ब्लॉक (न दिसणारा, पण भरीव) ठेवा.

चौकोनी_पोहे

भिया, ट्रान्सलेशन नंतर लागू होतं हे कुठेच धड लिहिलेलं सापडलं नव्हतं. जिलबी गोल झाली. पण राजवाड्याच्या सावलीत ठेवली की काळपट पडते, आणि तिच्यावर पाकाचा थेंब म्हणून पाण्याचा डिस्प्ले समन केला तर काहीच दिसत नाही. एररही नाही.

पिक्सेल_पाटणीपुरा

पाणी आणि लाव्हा डिस्प्लेत दिसतच नाहीत. बाकी ब्लॉकना ठरलेलं मॉडेल असतं, द्रवाचा आकार मात्र शेजारी बघून जागेवर काढला जातो, त्यामुळे डिस्प्लेला दाखवायला काही उरत नाही. थेंबासाठी नारिंगी काच अगदी लहान स्केलमध्ये, ०.०८ वगैरे.

पाण्याचा उभा घन दाखवायचा असेल तर टिक फ्रीझ करून खरंच पाणी भरा. सगळ्यांत वरचा थर मात्र पूर्ण उंचीचा नसतो, वर हवा असली की पाणी नवव्या हिश्शाने कमी दिसतं. घन हवा असेल तर हे आधी हिशोबात घ्या.

काळपटपणासाठी ब्राइटनेस टॅग: ब्लॉक १५, स्काय १५. डिस्प्ले ज्या जागी समन केलाय तिथला उजेड घेतो, चित्र जिथे दिसतं तिथला नाही. मूळ बिंदू भरीव ब्लॉकच्या आत असेल तर भर दुपारीही काळा कोळसा.

आडवा_उभा_तिरका

त्रिकोणावर कोणी बोललं नाही, ते मी घेतो. इथे शेवटचा कोपरा सोडला तर सगळी भूमिती आहे.

सरळ कल्पना अशी. एक ब्लॉक ठेवा. तिथून पूर्वेला ६, मग वर ६, मग दक्षिणेला ६. तुम्ही सुरुवातीपासून ६ पूर्व, ६ वर, ६ दक्षिण इतके दूर पोचलात. आता बरोबर त्याच तिरक्या रेषेवरून मागे बघितलं तर शेवटचा ब्लॉक पहिल्याच्या नेमका समोर येतो आणि त्याला झाकतो. तिन्ही दांडे पडद्यावर १२० अंशांत दिसतात, त्रिकोण बंद झाल्यासारखा वाटतो. दांडे समान हवेत, एवढीच अट. सहाच्या जागी आठ चालतील, पण सहा-सहा-पाच नाही.

आकडे देतो. पहिला ब्लॉक ०, १००, ० वर ठेवा, म्हणजे शेवटचा ६, १०६, ६ वर येतो. डोळा या दोघांच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेवर हवा. १२० ब्लॉक बाहेर गेलं तर डोळा १२०.५, २२०.५, १२०.५ वर. पण टीपी कमांड (थेट एका जागी नेणारी) पायांची जागा घेते आणि डोळे पायांपासून १.६२ वर असतात. म्हणून टीपी १२०.५, २१८.८८, १२०.५, पुढे दिशा १३५ आणि कल ३५.२६४. एफ३ मध्ये (माहितीचा पडदा) १३५.० / ३५.३ असं दिसलं म्हणजे बरोबर. उडत असतानाच टीपी करा, नाहीतर खाली.

इतक्या लांब का? कारण गेमचा कॅमेरा जवळचं मोठं दाखवतो. डोळा फक्त २० ब्लॉक बाहेर ठेवला तर पुढचा ब्लॉक साधारण २४ ब्लॉक अंतरावर आणि मागचा साडेचौतीसवर पडतो. मागचा ३० टक्के लहान दिसेल, जोड कुठेच बसणार नाही. १२० बाहेर गेलं की अंतरं १९७ आणि २०८ होतात, फरक ५ टक्क्यांवर येतो. पण तिथून त्रिकोण मुंगीएवढा, म्हणून दुर्बीण: तांब्याच्या २ विटा आणि अमेथिस्टचा १ तुकडा, क्रिएटिव्हमध्ये आयतीच. ती दृश्य दहापटीने जवळ आणते. एफओव्ही (नजरेचा कोन) ७० असेल तर ७ अंश उरतो, म्हणजे पडद्यावर २४ ब्लॉक उंचीचं दृश्य. १०८० पिक्सेलच्या पडद्यावर एका ब्लॉकला ४४ पिक्सेल मिळतात आणि ५ टक्क्यांचा फरक म्हणजे २ पिक्सेल. मीमच्या आकारात कोणाला दिसणार नाही. दुर्बिणीची गोल चौकट येईल, मधला भाग कापून घ्या. स्पेक्टेटरमध्ये (नुसतं बघायचा मोड) जाऊ नका, तिथे वस्तू वापरता येत नाही.

आता हा तुमचा उघडा पडणारा कोपरा. शेवटचा ब्लॉक सगळ्यांत पुढे आहे, म्हणून त्याच्या वर, दक्षिण आणि पूर्व अशा तिन्ही बाजू दिसतात. खऱ्या जोडात पूर्वेची बाजू दिसलीच नसती. तिथून पहिला दांडा निघतो, तिला त्यानेच झाकलं असतं. म्हणजे चूक बांधकामात नाही, एक बाजू जास्त आहे. ती उडवायची.

काढायची रिसोर्स पॅकने (गेमचं रूप बदलणाऱ्या फाइलींचा गठ्ठा). दांडे पांढऱ्या काँक्रीटचे ठेवा आणि शेवटचा एकच ब्लॉक पांढऱ्या लोकरीचा. पॅकमध्ये असेट्स, माइनक्राफ्ट, मॉडेल्स, ब्लॉक या वाटेने लोकरीच्या मॉडेलची फाइल करा. टेक्श्चर पांढऱ्या काँक्रीटचं, एकच एलिमेंट ०,०,० ते १६,१६,१६, आणि फेसेसमध्ये पाचच नावं: वर, खाली, उत्तर, दक्षिण, पश्चिम. पूर्व लिहायचीच नाही. एफ३ आणि टी दाबून पॅक ताजा करा.

आतून पोकळ दिसेल अशी भीती नको. बाजूंची आतली तोंडं गेम रंगवत नाही. आणि मॉडेल कसंही असलं तरी गेमच्या लेखी लोकर भरीव ब्लॉक आहे, त्यामुळे तिला चिकटलेल्या शेजारच्या ब्लॉकची लपलेली बाजूही रंगवली जात नाही. नजर थेट आरपार जाते आणि मागचा पहिला दांडा दिसतो, जो तिथे दिसायला हवा तोच. हे डिस्प्लेने करायला गेलात तर फसाल: डिस्प्लेमागे खरा ब्लॉक नसतो, शेजाऱ्याची बाजू रंगवली जाते आणि कोपऱ्यात एक नको असलेला तुकडा उरतो.

सेटिंगमध्ये हे बघा. स्मूथ लायटिंग बंद, नाहीतर खऱ्या काटकोनांत काळोखी येते आणि खोट्यात येत नाही, फरक लगेच कळतो. एफओव्ही इफेक्ट्स शून्य. रेंडर डिस्टन्स किमान १२ चंक (एक चंक म्हणजे १६ ब्लॉक), आडवं अंतरच १७० ब्लॉक आहे. आणि ढग बंद करा. ते १९२ उंचीवर असतात, तुम्ही २२० वर आणि त्रिकोण १०० वर, म्हणजे ढग नेमके मध्ये येतात.

तिन्ही बाजूंच्या छटा गेम स्वतःच वेगळ्या देतो: वरची पूर्ण उजळ, उत्तर-दक्षिण ८० टक्के, पूर्व-पश्चिम ६० टक्के. त्यामुळे एकाच रंगाच्या काँक्रीटमध्ये त्रिकोण छापील चित्रासारखा दिसतो. नक्षीचे ब्लॉक घेऊ नका.

कटर_ब्लॉक

वरचं सगळं बरोबर आहे, दोन गोष्टी जोडतो.

लोकरच घ्या असं नाही, पण फ्रेममध्ये तो ब्लॉक दुसरीकडे कुठेही नको. पॅक लावल्यावर वर्ल्डमधल्या प्रत्येक पांढऱ्या लोकरीची पूर्व बाजू जाते. राजवाड्यात पांढऱ्या लोकरीचे पडदे लावले असतील तर त्यांना भोकं. आणि लोकांना वर्ल्डमध्ये बोलावणार असाल तर पॅकही द्यावा लागेल, पॅक नसलेल्याला साधी लोकर दिसते.

पॅक लागलाच नाही तर शंभरातल्या नव्वद वेळा झिपचा घोळ असतो: झिप उघडल्यावर आधी फोल्डर आणि त्यात असेट्स. असेट्स आणि पॅक.एमसीमेटा झिपच्या तोंडाशीच हवेत. ‘दुसऱ्या आवृत्तीसाठी बनवलेला’ अशी लाल सूचना आली तर या एका मॉडेलपुरती सोडून द्या. जांभळा-काळा चौकडा दिसला तर टेक्श्चरच्या नावात चूक आहे.

दुसरं: डीबग स्टिकचं नाव अजून कोणी काढलं नाही. अर्धं दार, कशालाही न जोडलेलं पण चारी दिशांना हात पसरलेलं कुंपण, उन्हाळ्यात बर्फाची कड असलेलं गवत, हे सगळं त्या काठीचं काम. डावी क्लिक गुणधर्म निवडते, उजवी त्याची किंमत बदलते. शेजारचा ब्लॉक हलला की मात्र कुंपण पुन्हा हिशोब करून सरळ होतं, म्हणून काठी शेवटी फिरवा. गोल नेदर पोर्टलचंही (दुसऱ्या दुनियेत जायचं ऑब्सिडियन दगडाचं दार) तसंच. खरी चौकट आयताकृतीच लागते, बाहेरून किमान ४ × ५, कमाल २३ × २३. गोल ऑब्सिडियनमध्ये पोर्टलचे ब्लॉक स्ट्रिक्टने भरले तर टिकतात, पण कडेचा एक दगड फोडला की विझतात. गोलासाठी आडव्या ओळी ५, ७, ९, मग ११ पाच वेळा, मग ९, ७, ५.

फोनवाला_होळकर

हे सगळं फोनवर चालेल का? बेडरॉक आहे.

कटर_ब्लॉक

बहुतेक नाही. बेडरॉकमध्ये डीबग स्टिक नाही, ब्लॉक डिस्प्लेही नाहीत. हवेतला राजवाडा सहज होईल. त्रिकोणाची मांडणी आणि दुर्बीणही चालेल, पण ती एक बाजू उडवायला तिथल्या पद्धतीचा ॲड-ऑन करावा लागेल, जावाचा पॅक लागणार नाही. नुसत्या फोटोसाठी त्रिकोणाचा तो कोपरा फ्रेमच्या बाहेर ठेवण्याची पळवाट काढू नका. तो कोपरा हेच तर चित्र आहे.

सराफा_क्रीपर

मीमबद्दल एक. राजवाडा हवेत, समोर वाळू हवेत, मध्ये गोल जिलबी, हे सगळं एका फोटोत घालू नका. चार अशक्य गोष्टी एकत्र दिसल्या की बघणारा ‘मॉड आहे’ म्हणून पुढे सरकतो. एकच नियम मोडा आणि बाकी सगळं रोजचं ठेवा: हातात कुदळ, खाली हॉटबार (वस्तूंची पट्टी), अर्धी भूक, मागे चरणारी गाय. म्हणून एफ१ दाबून हॉटबार लपवू नका, तो तिथे असला की चित्र खरं वाटतं. क्रिएटिव्हमध्ये हृदयं आणि भूक दिसत नाहीत, तेव्हा फोटोच्या क्षणापुरतं सर्व्हायव्हलमध्ये या. जमिनीवरून काढायच्या पहिल्या तीन चित्रांपुरतंच बरं का, त्रिकोणासाठी २१८ उंचीवर हे केलंत तर सरळ खाली जाल.

आणि फोटो ग्रुपवर टाकताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या फोटोत दाब बसतो आणि वाळूखालचा दोरा नाही तर जिलबीच्या कडाच आधी विरघळतात.

चौकोनी_पोहे

त्रिकोण बसला. लोकरीची पूर्व बाजू काढल्याबरोबर मागचा दांडा समोर आला, ढग बंद करायचं राहिलं होतं तेही केलं. गाय ठेवली आहे, पण टिक फ्रीझमध्ये तीही पुतळा होते, मान खाली घातलेली अवस्था पकडायला चार वेळा फ्रीझ-अनफ्रीझ करावं लागलं आणि दर वेळी वाळू खाली. आता वाळूखाली दोराच घातला.

जिलबीशेजारी पोहे ठेवायचे आहेत. एकेक दाणा डिस्प्ले केला तर किती चालतील?

पिक्सेल_पाटणीपुरा

दाणे वेगळे करू नका. पिवळ्या काँक्रीट पावडरचा एक चपटा ढीग, तीन-चार डिस्प्ले वेगवेगळ्या कोनांत, आणि वरून ३०–४० दाणे ०.०६ स्केलचे. पावडरचं टेक्श्चर मुळातच दाणेदार आहे, लांबून पोहेच वाटतात. डिस्प्लेमधली पावडर पडत नाही, ती नुसतं चित्र असते. शेव विसरू नका: पिवळं टेराकोटा, स्केल ०.०२, ०.०२, ०.२, कोन वाटेल तसे.